शिक्षक आहेत की, समुपदेशक कशाला? – एका सरांच्या कमेंटला उत्तर

सर, नमस्कार. एवढी मोठी कमेंट लिहिलीत, बरं वाटलं, नाहीतर इथे "छान लेख ताई" आणि हात जोडलेला इमोजी यापुढे गाडी सरकत नाही. उत्तर कमेंटखाली मावेना म्हणून वेगळं लिहितेय.

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातली एक अशी की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. शाळा, कॉलेज, क्लास, होस्टेल सगळे यात आले. मी लिहिलं होतं की मग आपली तालुक्याची अनुदानित हायस्कुलं पण आलीच की, करणार कधी? त्यावर सरांचं म्हणणं (सर निवृत्त मुख्याध्यापक आहेत): आमच्या काळी छडी होती आणि पोरं धडधाकट होती, ही मानसिक आरोग्याची थेरं पोरांना हळवी करतात, चांगल्या शिक्षकाला पोराचा चेहरा बघून कळतं त्यामुळे वेगळा माणूस नकोच, आणि हवा म्हटलं तरी तालुक्याला आणायचा कुठून आणि पगार कोण देणार.

छडीच्या काळाबद्दल फार वाद घालत नाही. फक्त एवढंच, दहावीला आपटी खाऊन परत कधी शाळेची पायरी न चढलेली पोरं माजी विद्यार्थी मेळाव्याला येत नाहीत हो. येतात ती ज्यांचं बरं झालं ती, आणि ती "सर, तुमच्या छडीमुळे घडलो" असंच म्हणणार, स्टेजवर तुम्ही बसलेले असताना दुसरं काय म्हणणार?

थेरं म्हणालात तिथे मात्र मी अर्धी तुमच्या बाजूने. १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन, पाहुणे, गुलाबपुष्प, पीपीटी, पोरं मैदानात उन्हात बसलेली, फोटो काढले की व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे आणि विषय संपला, याला मीही थेरंच म्हणते. आणि हे नुसतं माझं मत नाही. ब्रिटनमध्ये माइंडफुलनेसचे (शांत बसून आत्ताच्या क्षणाकडे लक्ष द्यायचे) तास घेऊन बघितले होते, ऐंशीच्या वर शाळा, ११ ते १४ वयाची आठ हजारांवर मुलं, शिकवणारे त्याच शाळांमधले शिक्षक. २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा त्या मुलांच्या मानसिक आरोग्यात इतरांपेक्षा काही फरक दिसला नाही. तर सगळ्या वर्गाला एकदम डोळे मिटायला लावून काही होत नाही हे मान्य. पण मी तास मागतच नव्हते ना सर, मी माणूस मागत होते.

आता तुमचा खरा मुद्दा, की शिक्षक पुरेसा आहे. यावर आपल्याच देशात झालेलं एक काम सांगते, कारण मला यापेक्षा चांगलं उत्तर सापडलेलं नाही. गोव्याची 'संगत' ही संस्था, तिच्या लोकांनी बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांमध्ये 'सेहर' नावाचा कार्यक्रम राबवला. ७४ शाळा, नववीची मुलं. चिठ्ठी टाकून शाळांचे तीन गट पाडले. एका गटात गावाकडचाच एक साधा माणूस नेमला, मानसोपचाराची डिग्री वगैरे नाही, प्रशिक्षण दिलेलं, त्याला म्हणायचे सेहर मित्र. दुसऱ्या गटात तेच प्रशिक्षण, तोच कार्यक्रम, पण राबवणारा शाळेतलाच एक शिक्षक. तिसऱ्या गटात यातलं काही नाही. कार्यक्रम म्हणाल तर परिपाठाच्या वेळी बोलणं, भित्तिपत्रक, मुलांचे गट, मुलांना लिहून टाकायला एक पेटी, आणि ज्याला गरज त्याच्याशी एकट्याने बसून बोलणं. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. मित्र असलेल्या शाळांमध्ये मुलांमधलं नैराश्य कमी, दादागिरी कमी, मारामाऱ्या कमी, शाळेत वातावरण बरं. शिक्षकांच्या शाळांमध्ये? जिथे हा कार्यक्रमच नव्हता त्या शाळांसारखंच. म्हणजे तोच कार्यक्रम शिक्षकाने केला तर फरक शून्य. पुढच्या वर्षीही मोजलं, तर मित्रांच्या शाळांमधला फरक आणखी वाढलेला.

वाचून आधी थोडं झोंबलंच, मीही शिक्षिका, आपल्याच पेशावर आलं ना. पण मग आमची स्टाफरूम डोळ्यापुढे आणली आणि कोडं राहिलं नाही. एका मुलाने वर्गशिक्षिकेला मधल्या सुट्टीत सांगितलं की घरी बाबा पिऊन येतात आणि आईला मारतात, त्यामुळे अभ्यास होत नाही. बाईंनी स्टाफरूममध्ये सांगितलं, अगदी कळवळून सांगितलं, वाईट हेतू कुणाचाच नाही. शाळा सुटेपर्यंत इतिहासाच्या सरांनी त्याला व्हरांड्यात खांद्यावर हात टाकून विचारलं, "काय रे, बाबा अजून पितात का?", पीटीच्या सरांनी विचारलं, शिपाईमामांनी पण विचारलं. प्रेमानेच. तो मुलगा त्यानंतर कुणाला काही सांगेल? मी असते तर सांगितलं नसतं.

आणि पेटीचं काय, पेटी आमच्याकडेही आहे. तक्रारपेटी, शासनाच्या आदेशाप्रमाणे, हेडसरांच्या केबिनबाहेर भिंतीला ठोकलेली. बदलापूरच्या प्रकरणानंतर कॅमेरे बसले तेव्हा एकाचं तोंड नेमकं तिच्याकडे आलंय, मुद्दाम नाही, वायर तिथपर्यंतच पुरली. किल्ली ऑफिसात. ठरल्या दिवशी उघडतात, आत चॉकलेटचे कागद नाहीतर काहीच नाही, रजिस्टरमध्ये 'निरंक' लिहून खाली सह्या. बिहारमधली पेटी सुताराने काही वेगळी बनवली नव्हती सर. ती उघडणाऱ्याच्या हातात पोराचे इंटर्नल मार्क नव्हते, एवढाच फरक.

तुम्ही लिहिलंत की चेहरा बघून कळतं. कळतं की, नाही कोण म्हणतंय. नेहमी पुढे बसणारी मुलगी मागच्या बेंचवर गेली, डबा न उघडता परत नेतेय, कुणीतरी एकदम सगळ्यांशी भांडायला लागलं, हे वर्गशिक्षकालाच आधी दिसणार, समुपदेशकाला नाही. पण दिसल्यावर पुढे काय? माझ्याकडे ऑफ पिरियड असतो त्यात प्रॉक्सी लागते, उरलेल्या वेळात यू-डायसची (शाळेची सरकारी ऑनलाइन नोंद) माहिती, पोषण आहाराचा हिशोब, निवडणूक आली की बीएलओचं, म्हणजे मतदारयाद्यांचं, काम. आणि त्याच मुलाला मी गृहपाठासाठी ओरडणार, चाचणीत सहा मार्क देणार, पालकसभेत त्याच्या आईसमोर त्याची वही उघडणार. त्याने मन मोकळं करायचं ते माझ्यापाशी? काही मुलं करतातही, नशीब आमचं, पण त्यावर व्यवस्था उभी राहत नाही.

'हळवी होतात' याबद्दल. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची एनसीआरबीची (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) नोंद आहे, त्यातले १,७६४ एकट्या महाराष्ट्रातले, म्हणजे या यादीत आपण पहिले. यातल्या किती जणांना कुणी समुपदेशन करून हळवं केलं होतं असं तुम्हाला वाटतं? आणि आपण सगळं परीक्षेच्या माथी मारतो, पण १८ वर्षांखालच्यांमध्ये नोंदलेलं सगळ्यात मोठं कारण घरातल्या अडचणी हे आहे, परीक्षेतलं अपयश त्याच्या खाली. म्हणून नुसता फेरपरीक्षेचा आधार देऊन भागत नाही, जरी जुलैची परीक्षा (२०१५ पासूनची) मला बोर्डाने केलेल्या बऱ्या कामांपैकी एक वाटते. तुमच्या कमेंटमध्ये अजून एक होतं, की असलं विचारलं तर नसलेलं डोक्यात भरतं. नाही भरत. "जीव द्यावासा वाटतो का" असं सरळ, शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. आणि गुन्ह्याचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरायला आणि त्याला शिक्षा न करायला सांगितलंय, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने झाकून ठेवायचंही कारण उरत नाही.

पैशांचं तुमचं बरोबर आहे. आमच्या संचमान्यतेत (शाळेला सरकारने मंजूर केलेल्या पदांच्या यादीत) समुपदेशकाचं पद नाही, आणि संस्था आधीच रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावर माणसं आणून वर्ष ढकलतेय. पण सेहर मित्र एमए सायकॉलॉजी नव्हता, तालुक्यात असा माणूस मिळतो. निवृत्त नर्सबाई असतील, समाजकार्य शिकून घरी बसलेली एखादी मुलगी असेल. तीन-चार शाळांनी मिळून एक माणूस ठेवला तरी चालेल, अट एकच की तो पेपर तपासणारा नको. त्याच्या आवाक्याबाहेरचं असेल तर ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठीचं मैत्री क्लिनिक आहे, जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ आहेत, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, मराठीत बोलतात, आणि मारहाण-छळाचं प्रकरण असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. हे दोन नंबर मुलींच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला लावा, नोटीस बोर्डावर नको, नोटीस बोर्डापुढे उभं राहून कोण लिहून घेणार?

छडीवर आपलं जमायचं नाही, ते सोडा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारणं आणि मानसिक छळ दोन्ही २०१० पासूनच बंद केलंय, त्यामुळे तिथे माझ्या मताची गरजच नाही.

राहता राहिलं तुमचं तुकड्यांचं, की गुणांवर तुकड्या पाडल्याने ईर्षा वाढते. कोर्टाच्या त्याच सूचनांमध्ये लिहिलंय की गुणांप्रमाणे मुलांच्या बॅचेस पाडणं आणि चारचौघांत पाणउतारा करणं शक्यतो टाळा. मुख्यतः क्लासेसना उद्देशून आहे, पण शाळाही त्यात आल्या. आपल्याकडे 'ड' तुकडीतल्या पोराला त्याची किंमत जूनच्या पहिल्या दिवशी भिंतीवरच्या यादीत वाचायला मिळते, आणि ही यादी बदलायला एक रुपया लागत नाही, पद मंजूर करून घ्यायला लागत नाही. येत्या वर्षी तुकड्या नावांच्या आद्याक्षरांप्रमाणे पाडा असा विषय मी शिक्षकसभेत मांडणार आहे. विरोध होणार हे माहितीये, पालकांचा थोडा आणि 'अ' तुकडीच्या वर्गशिक्षकांचा भरपूर.