गोळी राहिली तर काय, हे पाकीट देतानाच सांगा

"विसरलीस कशी?" हा प्रश्न गोळी चुकलेल्या बाईला सगळेच विचारतात. पण माला-एन किंवा माला-डी या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट हातात देताना, राहिली तर काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. मी मेडिकलच्या काउंटरवर उभी असते आणि मला याचा खरंच राग येतो. गोळी राहणारच हो. पोर तापतं, पाहुणे येतात, माहेरी जाताना पाकीट कपाटातच राहतं.

एकच राहिली तर आठवेल तेव्हा घ्या, एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. तेवढ्याने सहसा दिवस जात नाहीत. लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या तर शेवटची राहिलेली एक लगेच घ्या, बाकीच्या टाकून द्या, पाकीट पुढे चालू ठेवा आणि सलग सात दिवस निरोध वापरा.

२८ पैकी २१ पांढऱ्या गोळ्या कामाच्या, उरलेल्या ७ लोहाच्या. त्या राहिल्या तर भीती नाही. मात्र या सात दिवसांत अंडाशय पुन्हा जागं व्हायला लागतं. म्हणून हा खंड लांबला, नवं पाकीट उशिरा उघडलं, की खरा धोका. "नवरा इथे नाही, कशाला घ्यायची" म्हणून माहेरी गोळी बंद करणाऱ्या कितीतरी जणी यातच फसतात. पहिल्याच आठवड्यात दोन राहिल्या आणि नुकताच संबंध आला असेल तर ७२ तासांत इमर्जन्सी गोळी घ्या, जितकी लवकर तितकी बरी. शेवटच्या पांढऱ्या आठवड्यात राहिल्या तर पांढऱ्या संपवून लोहाच्या सोडा, थेट नवं पाकीट सुरू करा.

टीबीची रिफाम्पिसिन चालू असेल तर एकही न चुकवता दिवस जाऊ शकतात, डॉक्टरांना दुसरं साधन विचारा. आणि गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या वेगळ्या, त्यांच्या भरवशावर राहू नका.

एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. नवऱ्यानेही ऐकावं, रोज आठवण करून द्यावी. मूल काय तिचं एकटीचं असतं?

तरीही पाळी चुकलीच तर आशाताईंकडे दिवस गेलेत का ते तपासायचं 'निश्चय' किट फुकट मिळतं. दिवस गेले असतील आणि नको असेल, तर गर्भपातासाठी साधन फसल्याचं कारण २०२१ पासून अविवाहितेलाही कायद्याने चालतं, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. तेव्हा चिठ्ठीशिवाय पाडायच्या गोळ्या मागायला काउंटरवर येऊ नका गं, सरळ डॉक्टरकडे जा.