पोलादी खिडकी गंजली म्हणून भंगारात काढू नका

‘जुन्या कारखान्यांच्या गंजलेल्या पोलादी खिडक्या दुरुस्त होत नाहीत, यूपीव्हीसीच्याच (कडक प्लास्टिकच्या) बसवा’ असा संदेश पुण्यात फिरतोय. तो चुकीचा आहे. गंज मूळ पोलादापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, म्हणून चौकट फुगते आणि काच तडकते. पण बहुधा कुजते ती खालची पट्टी, कारण पावसाचं पाणी तिथेच साचतं. काच काढून तेवढाच तुकडा कापा, त्याच मापाचा वेल्ड करा. गंज खरवडला की त्याच दिवशी झिंक प्रायमर, म्हणजे जस्ताचा अस्तर-रंग. मग काच पुट्टीने, म्हणजे काच पक्की करणाऱ्या लगद्याने, परत बसवा. पुट्टीवर साय धरल्यावरच रंग, तोही काचेवर 2 मिमी चढवून. नाहीतर फटीतून पाणी शिरतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासू नका! इमारत महापालिकेच्या वारसा यादीत असेल, तर खिडकी बदलण्याआधी परवानगी लागते.