टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध, असं नाही

एक व्हिडिओ पुन्हापुन्हा फिरत येतो. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून दाबाने गाळून क्षार काढलेलं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये. त्याचा मीटर नळाच्या पाण्यात ३०० दाखवतो, आरओच्या पाण्यात ३०. मग दोन्हींत विजेच्या कांड्या सोडतात. नळाचं पाणी बघता बघता हिरवट-तपकिरी होतं, आरओचं होतं तसंच राहतं. खाली मजकूर : 'हे विष तुम्ही रोज पिताय. टीडीएस ५०च्या वर गेला की पाणी धोक्याचं. क्लोरीनही विषच. आरओशिवाय पर्याय नाही.' पाणी तपासणं हे माझं रोजचं काम, आणि या व्हिडिओला घाबरून चांगलं पाणी सोडलेली माणसं मला भेटतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी तो तपकिरी गाळ. तो पाण्यात नव्हताच, कांडीतून आला. कांडी लोखंडाची असते. वीज वाहू लागली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचं हायड्रॉक्साइड होतं, म्हणजे जवळपास गंजच. आरओच्या पाण्यात क्षार इतके थोडे असतात की वीज धड वाहत नाही, म्हणून कांडीही झिजत नाही. दाखवणाऱ्याला एवढंच सांगा, त्या आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाक आणि पुन्हा बटण दाब. तेही तसंच तपकिरी होईल. मीठ टाकल्याने पाण्यात घाण आली, असं कोणी म्हणेल का?

आता मीटर. तो पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. ज्यावर विद्युतभार नाही ते त्याला दिसतच नाही. ग्लासभर पाण्यात दोन चमचे साखर विरघळवा, आकडा वाढणार नाही. बहुतेक कीटकनाशकांचं तेच, जंतूंचंही तेच. छपरावरून उतरलेलं पावसाचं पाणी पक्ष्यांची विष्ठा धुऊन आलेलं असलं तरी मीटरवर अगदी कमी आकडा येतो. आर्सेनिकचं तर विचारूच नका. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, आणि हातातल्या मीटरचा सर्वांत लहान टप्पा १ मिलिग्रॅमचा. मर्यादेच्या पाचपट आर्सेनिक असलं तरी आकडा जागचा हलत नाही.

५०ची मर्यादा कुठून आली, देव जाणे. जागतिक आरोग्य संघटनेने टीडीएससाठी आरोग्याच्या निकषावर मर्यादा घातलेलीच नाही. ती बोलते चवीबद्दल : साधारण ६००च्या खाली चव चांगली, १०००च्या वर पाणी घशाखाली उतरत नाही. मीटर टाकाऊ नाही, हेही सांगते. आरओच्या पाण्याचा आकडा महिन्यागणिक चढत असेल तर मेम्ब्रेन, म्हणजे आरओचा गाळणारा पडदा, निकामी होत चाललं आहे, हे तो चोख सांगतो.

क्लोरीन. १९०८ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटीत पाणीपुरवठ्यात नियमित क्लोरीन घालायला सुरुवात झाली, आणि पुढे शहरांमधला विषमज्वर हटवण्यात या उपायाचा मोठा वाटा राहिला. पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन काही नको असलेली संयुगं तयार होतात, हे खरं आहे. १९७४पासून ते माहीत आहे. त्यावर उपाय म्हणजे ती द्रव्यं आधीच गाळून काढणं, क्लोरीन बंद करणं नव्हे. आरओ यंत्रातला कार्बन फिल्टर क्लोरीनचं हे संरक्षणच काढून घेतो, त्यामुळे यंत्राची टाकी अस्वच्छ राहिली तर त्या 'शुद्ध' पाण्यात जंतू पुन्हा वाढतात.

राहिला आरओ. पाणी खारं असेल, त्यात फ्लोराइड, नायट्रेट किंवा आर्सेनिक जास्त असेल, तर तो जरूर लावा. पण त्रास फक्त जंतूंचा असेल तर यूव्ही (जंतू मारणारा अतिनील प्रकाश) किंवा अल्ट्राफिल्ट्रेशन (जंतू अडवणारी बारीक गाळणी) पुरतं, आणि आरओइतकं पाणी वाया जात नाही. यूव्हीला एकच अट, पाणी नितळ हवं. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आडोशाला सुटतात. आणि यूव्हीच्या आधी नि नंतर टीडीएस तोच असतो, जंतू मेले तरी!

तपासायचंच असेल तर गढूळपणा, उरलेलं क्लोरीन आणि ई. कोलाय, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळल्याचं दाखवणारा जंतू, तपासा. विहीर किंवा बोअरचं पाणी असेल तर फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिकही. क्लोरीनची तपासणी कोणालाही जमते. नळाच्या पाण्याच्या छोट्या नळीत डीपीडीची, म्हणजे क्लोरीनने रंग बदलणाऱ्या रसायनाची, गोळी टाकायची. गुलाबी रंग आला तर क्लोरीन आहे, रंग जितका गडद तितकं जास्त. क्लोरीन घातलेल्या पाण्यात रंग आलाच नाही, तर त्याच दिवशी नमुना ई. कोलायच्या तपासणीला द्या. १०० मिलिलिटरमध्ये एकही सापडता कामा नये.