स्वतंत्र खोली

'स्वतंत्र खोली भाड्याने मिळेल' ही पाटी वाचून मी गोव्यात फोंड्यातल्या त्या घराच्या पायऱ्या चढलो, तेव्हा माझा शब्दांवर विश्वास होता. मराठी शिकवून पोट भरणाऱ्याला तो ठेवावाच लागतो.

काकींनी खोली दाखवली. दार वेगळं, म्हणून स्वतंत्र. दिव्याचं बटण मात्र फळ्यांच्या पार्टिशनपलीकडे, त्यांच्या माजघरात. "हाक मारायची हो मास्तर, मी आहे ना!" रात्री अकरानंतर हाक मारायला संकोच वाटतो, म्हणून मी हल्ली उजेडातच झोपतो. विहीर सामाईक, मीटर एक, आणि चतुर्थी जवळ आली की गणपतीवर टांगायच्या माटोळीचे नारळ माझ्या खाटेखाली. पहाटे पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला की पलीकडून प्रश्न येतो, "मास्तर, पाव किती?" उत्तर मी पांघरुणातूनच देतो.

या विशेषणाचा तोरा बघा. मोठा वाडा, मोठी खोली, मोठं घर. 'मोठा' बिचारा नामाच्या तालावर नाचतो. 'स्वतंत्र' नाचत नाही. वाडा असो, खोली असो, घर असो, ते आपलं तसंच. व्याकरणात त्याला अविकारी म्हणतात. पण जात शेवटी विशेषणाची! नुसतं 'स्वतंत्र' म्हटलं की समोरचा विचारतोच, "कोण?" नामाच्या खांद्याशिवाय त्याला उभं राहता येत नाही.

पार्टिशनचा इतिहास काकींकडूनच कळला. १६ जानेवारी १९६७, जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर 'फूल', वेगळं केंद्रशासित राहायचं तर 'दोन पानं'. काकींचे सासरे फुलाचे, चुलत सासरे दोन पानांचे. ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली, आणि महिन्याभरात माजघरात फळ्या ठोकल्या गेल्या.

"मग जेवणंही वेगळी?"

"छे! चूल एकच होती ना. जेवताना बोलत नसत, एवढंच."

परवा खिडकीतून गळतं म्हणून कपाट सरकवायला गेलो, तर पलीकडून किंकाळी आली.

"मास्तर, हात लावू नका! त्याच्याच टेकूवर पार्टिशन उभं आहे!"

कपाट तरी कुठे धड उभं होतं? त्याचा एक पाय आखूड. सापडेल ते जाडजूड खाली सारलं. आता वर्गात विशेषणं तोंडपाठ शिकवतोय. व्याकरणाचं पुस्तक काढलं तर काकी माझ्या खोलीत येऊन पडतील.