कोना शे? काय खास?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला मध्यंतरी साक्षीला उभं केलं गेलं. नानांनी लिहिलं, "पोरी, तू इतकी वर्षं तिथे आहेस, तूच सांग. तिकडे गोरे लोक परक्या माणसाला घरात घेतात का?" खाली चार अंगठे आणि जिभाऊंचं एक वाक्य: "दारातून पाणी पण नाही देत ते लोक."

भांडण कशाचं होतं ते आधी सांगते. माझं माहेर धुळ्याला, देवपुरात. दादाचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंग करतो. मागच्या हिवाळ्यात तो वर्गातल्या एका जर्मन मुलीला शनिवार-रविवार जोडून घरी घेऊन आला. एका सत्रासाठी आलेली मुलगी, तिला 'खरं भारतीय घर' बघायचं होतं. आमच्या घराने ते इतकं दाखवलं की विचारू नका. मळ्यात भरीत पार्टी झाली, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, कळण्याच्या पुऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मोठ्या मायने गुडघे दुखत असताना चुलीपाशी बसून खापरावरचे मांडे केले, वर तूप, वाटीत दूध. रात्री शेवभाजी. गल्लीतल्या बायका फोटो काढायला रांगेने आल्या. पोरीला साडी नेसवली, हातभर बांगड्या भरल्या, आणि सोमवारी सकाळी गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात सलाईन लावलं.

नंतर कळलं की ती दूध-तूप काहीच खात नाही, तत्त्व म्हणून. दोन दिवस ती निमूटपणे मांडे गिळत होती, कारण तिला कोणी विचारलंच नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "पाहुण्याला काय विचारायचं, काय खाते म्हणून? कमी करायचंय का?"

अहिराणीत 'तो काय खास?' म्हणजे तो काय खातो. पुण्याच्या माणसाला वाटतं आम्ही कुणाची तरी तारीफ करतोय. हा प्रश्न आमच्याकडे पाहुण्याबद्दल फारसा विचारला जात नाही. विचारला जातो तो दुसरा. दारात नवीन माणूस दिसला की आतून पहिली हाक येते, "कोना शे?" कुणाचा आहे. कुठल्या गावचा, कुणाचा मुलगा, कुठल्या घरातला. एकदा ते जुळलं की मग ताट, पाट, रोट, रस, सगळं त्याचं. जर्मन मुलीच्या बाबतीत तो प्रश्न पडलाच नाही. ती कुणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांची झाली.

दोन महिन्यांनी पुतण्याने पुन्हा विचारलं. त्याचा पुण्यातला रूममेट धडगावकडचा, सातपुड्यातला. त्याची धुळ्यात परीक्षा होती, दोन रात्रींचा प्रश्न होता. मोठ्या मायने आतून विचारलं, "कोना शे?" पुतण्याने आडनाव सांगितलं. आडनावावरून आमच्याकडे नकाशा, जात, जंगल सगळं एका दमात कळतं. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग दादा म्हणाला, स्टँडजवळ चांगला लॉज आहे, एसी रूम करून देऊ, पैसे मी भरतो. आणि भरले. दोन रात्रींचे, शिवाय जेवणाचे. मागे-पुढे पाहिलं नाही.

पुतण्याने ग्रुपवर एकच ओळ टाकली: "जर्मनीसाठी वरची खोली होती, धडगावसाठी लॉज." तिथून पेटलं. ग्रुपवर एकेक उत्तर येत गेलं. परीक्षेच्या काळात अभ्यासाला शांतता लागते. वरच्या खोलीत धान्य भरलं होतं. आम्ही जात मानत नाही, पण मोठी माय जुन्या वळणाची. नवीन पिढीला सगळ्यात जातच दिसते. आणि शेवटी ते नेहमीचं ब्रह्मास्त्र: तिकडे परदेशात तरी कोण कुणाला घरात घेतं? तिथे मला हाक आली.

तर माझी साक्ष.

सप्टेंबर २०११ मध्ये मी शेफील्डला एम.एस्सी.साठी आले. पहिल्या दोन महिन्यांत एकाही इंग्रज घराचा उंबरा ओलांडला नव्हता. विद्यापीठाच्या फलकावर कागद दिसला: परदेशी विद्यार्थ्यांना शनिवार-रविवारी स्थानिक कुटुंबात राहायला पाठवणारी एक स्वयंसेवी संस्था. यजमान एक पैसा घेत नाहीत, आपण फक्त गाडीभाडं भरायचं. फॉर्म भरायचा होता. मी तो धुळेकराच्या सवयीने आधी वरून खाली चाळला, आडनावापुढे अजून काय विचारलंय ते बघायला. पुढचे प्रश्न असे: काय खात नाही? कुत्र्या-मांजराची भीती आहे का? जिना चढता येतो का? सिगारेट ओढता का? एवढंच. बाप काय करतो, हेही नाही.

नोव्हेंबरात लीड्सला गाडी बदलून सेटल-कार्लाइल लाइनवर गेले. स्टेशनवर निवृत्त मास्तर नवरा-बायको उभे, हातात माझं नाव लिहिलेला पुठ्ठा. उतरणारी मी एकटीच होते, तरी त्यांनी पुठ्ठा उंच धरला होता. घरी माझ्या खोलीत पलंगावर दोन टॉवेल, एकावर एक, आणि गरम पाण्याची रबरी पिशवी. बाईंनी आठवडाभर आधी फोन करून विचारलं होतं, अंडं चालतं का, चीज चालतं का. आणि माझ्यासाठी पुस्तकात बघून डाळ केली होती. तिच्यात बेदाणे होते. मी ती बेदाण्यांची डाळ दोनदा घेतली असती, पण त्यांनी "अजून हवी?" असं एकदाच विचारलं, मी आपल्या रीतीने "नको नको" म्हटलं, आणि भांडं सरळ उचलून आत गेलं.

संध्याकाळी सहाला जेवण. दहा वाजता पोटात कावळे. स्वयंपाकघर खाली, दार लोटलेलं, कुत्रा त्या दारात झोपलेला. धुळ्यात मध्यरात्री पाहुणा उठला तर मोठी माय झोपेतून विचारते, भूक लागली का. मी पिशवीतली बिस्किटं काढली आणि पांघरुणात तोंड खुपसून, कुरकुर आवाज होऊ नये म्हणून, चोखून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला रिबलहेडचा चोवीस कमानींचा पूल दाखवला, आणि मातीशिवाय, चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचून घातलेले शेतांचे बांध. एक दगड माझ्या हाताने बसवायला लावला. माझा दगड दोनदा पडला. तिसऱ्यांदा ते म्हणाले, जागा दगडाला शोधायची नाही, दगड जागेसाठी शोधायचा. रविवारी दुपारची गाडी होती. सव्वादोनला काकूंनी घड्याळाकडे पाहिलं, डबा हातात दिला, स्टेशनपर्यंत आले. नंतर पाच नाताळला कार्ड आलं, एक मी उशिरा धाडलं, मग थांबलं.

नाना, तर घेतात. पण मोजून घेतात. शुक्रवारी संध्याकाळ ते रविवारी दुपार, मधल्या काळात दार उघडं. गप्पांच्या ओघात काकूंनी सहज सांगितलं होतं, शेजारच्या घरात त्या अकरा वर्षांत आत गेलेल्या नाहीत. इथे पाहुणचाराला संस्था लागते ती त्यामुळेच. संस्था नसती तर तेही माझ्या वाटेला आलं नसतं. शेफील्डमध्ये इतकी वर्षं काढल्यावर माझ्या ओळखीतली इंग्रज घरं मी हाताच्या बोटांवर मोजते, आणि अंगठा उरतो.

आणि या देशाला सोवळं म्हणावं असंही नाही. १९५०-६०च्या दशकांत इथे भाड्याच्या खोल्यांवर 'काळे नकोत' अशा पाट्या लागत. त्याविरुद्ध कायदा होईस्तोवर १९६८ साल उजाडलं. कायद्यानंतर पाट्या गेल्या, आवाज राहिला. मला स्वतःला एका घरमालकाने फोनवर खोली आहे म्हणून सांगितलं, नाव विचारलं, आणि नाव ऐकल्यावर ती खोली दोन सेकंदांत गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारच्या रॉदरहॅमला आश्रयार्थी राहत होते त्या हॉटेलला जमावाने आग लावायचा प्रयत्न केला. मी त्या रात्री खिडक्या लावून बसले होते. बेदाण्यांची डाळ आणि ती आग एकाच परगण्यातली.

आपली माणसं तर आडनाव बॅगेत घालूनच विमानात बसतात. इथल्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत मला एका सभ्य गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे मूळचे तुम्ही कोण?" जातीवरून होणारा भेदभाव समता कायद्यात स्पष्ट आणावा असं इथल्या संसदेने २०१३ मध्ये ठरवलं होतं. २०१८ मध्ये सरकारने ते गुंडाळलं. ते गुंडाळलं जावं म्हणून झटणाऱ्यांत आपलीच माणसं होती. त्यांचं म्हणणं, इथे जात नाहीच. आमच्या ग्रुपवरही तसंच आहे, धान्य भरलं होतं.

म्हणून 'तिकडे तरी कुठे' हा युक्तिवाद मला पटत नाही. तिकडचं वाईट असलं म्हणून देवपुरातली वरची खोली आपोआप स्वच्छ होत नाही. दादाने पैसे दिले याचं मला कौतुक वाटायला हवं होतं, पण मला त्याचाच जास्त त्रास झाला. कंजूष माणसाने दार लावलं तर समजतं. आम्ही दार लावण्यासाठी पैसे मोजले. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांना बाहेर खोली घेऊन शिकता यावं म्हणून सरकारची 'स्वयं' योजना आहे, पैसे मुलाच्या खात्यावर येतात. खात्यावर पैसे असलेला मुलगा जळगावात, धुळ्यात खोली बघायला जातो तेव्हा घरमालकीण गच्चीवरून काय विचारते, ते मी सांगायला नको. 'फक्त शाकाहारी' ही पाटी आपल्याकडे काय खास विचारण्यासाठी लावत नाहीत, कोना शे विचारण्यासाठी लावतात.

आमच्या खान्देशाला हे नवीन सांगावं असंही नाही. अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० साने गुरुजी मास्तर होते, छात्रालय सांभाळत होते. पुढे धुळ्याच्याच तुरुंगात १९३२ मध्ये त्यांनी विनोबांची गीतेवरची प्रवचनं उतरून घेतली. त्यांची आंतरभारतीची कल्पना, म्हणजे वेगवेगळ्या प्रांतांतल्या माणसांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांना ओळखावं, ती त्यांनी १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात मांडली. आमच्याकडे शाळेच्या भिंतीवर ती रंगवलेली असते आणि जर्मन मुलीसमोर दादाने ती अभिमानाने सांगितली. त्याच्या दोन वर्षं आधी, मे १९४७ मध्ये, पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून गुरुजी उपोषणाला बसले होते. तो भाग दादाने सांगितला नाही. इंग्रजीत भाषांतर करायला अवघड असेल.

मी हे सगळं एवढं लांब ग्रुपवर लिहिलं नाही, तिथे एवढं लिहायचं नसतं. मी फक्त लिहिलं: घेतात, नाना, पण आधी फॉर्म भरून घेतात. जिभाऊंनी हसण्याची बाहुली टाकली. मोठ्या मायला कुणीतरी ते वाचून दाखवलं. तिने म्हणे विचारलं, फॉर्ममध्ये काय लिहितात. तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "मंग ती पोर आजारी नही पडती." म्हणजे तिला पटलं ते जर्मनीपुरतं.

परीक्षा झाली, मुलगा पुण्याला परतला. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्याने पुतण्याच्या हाती आमच्या घरासाठी घरचा आमचूर पाठवला, जुन्या पिठाच्या पिशवीत, सुतळीने बांधून. धडगावकडचा आमचूर तो, त्याच्या आईने फोडी करून वाळवलेला. लॉजचे पैसे भरले त्याची आठवण ठेवून. वहिनींनी तो बरणीत भरला, डाळीत घातला, आणि आता त्यांना बाजारचा आवडेनासा झालाय.

गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. तुमचं ऐकतो तो, म्हणाल्या, त्याला सांगा ना, त्या पोऱ्याकडून अजून दोन किलो मिळेल का, पैसे देऊ. मी म्हटलं, सांगते, पण वहिनी, त्या मुलाचं नाव काय?

पलीकडे कुकरची शिटी झाली. वहिनींनी गॅस बारीक केला असावा.

"आडनाव माहीत शे माले," त्या म्हणाल्या.

मलाही तेवढंच माहीत होतं.