दरवाढ हवी? अर्ज तीन प्रतींत

खासगी रुग्णवाहिकेच्या धंद्यात असाल, गाड्या महापालिकेच्या कंत्राटावर लावल्या असतील आणि दर वाढवून मागायचं मनात आलं असेल, तर आधी अभिनंदन. तुमच्याकडे वेळ भरपूर आहे. मला मागच्याच आठवड्यात लेखा विभागाचं पत्र आलंय (त्याकडे येतोच), तेव्हा डोकं तापलेलं असतानाच चार युक्तीच्या गोष्टी सांगून ठेवतो.

अर्जात डिझेलचं नाव काढू नका. ‘डिझेल सगळ्यांनाच महागलंय’ हे उत्तर तयार असतं. ते देणारे साहेब ज्या गाडीतून येतात तिच्यात डिझेल कोण भरतं, हे विचारायची सोय नसते.

टायर, विमा, ऑक्सिजन, चालकांचे पगार यांचा हिशेब जोडलात तर ‘दरपृथक्करण सविस्तर सादर करावे’ असा शेरा येईल. सविस्तर दिलंत की ‘गोषवारा जोडावा’.

चहा मात्र घ्या. तेवढाच वेळेवर मिळतो.

कायदा काढाल, तर तोही त्यांच्याकडे आहे. ११ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना रुग्णवाहिकांचे वाजवी दर ठरवायला सांगितलं. कोविडात आमच्यातल्याच काहींनी मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लं होतं, तेव्हा ते सांगणं भागच होतं. पण ‘वाजवी’ला दोन बाजू असतात हे साहेबांना पटवायला जाऊ नका. जीएसटीचं रडगाणंही नको. रुग्ण नेण्यावर जीएसटी नाही याबद्दल आभार माना; त्याच माफीमुळे गाडीवर आणि सुट्या भागांवर भरलेला कर आपल्याला वजा करून मिळत नाही, हे घरी जाऊन बायकोला सांगा.

‘अहो, हे तर पुण्याचं काम’ असं कुणी म्हणालं की उठा. बैठक संपली.

आता मुख्य धडा. निविदा नीट वाचा. गाडी चोवीस तास हजर, चालक पाळ्यांत, सोबत प्रशिक्षित अटेंडंट, सिलिंडर भरलेले, फोन आल्यावर काही मिनिटांत चाकं हललेली. पैसे कशाचे? रुग्ण आत चढल्यापासून उतरेपर्यंतच्या किलोमीटरचे. रात्रभर गाडी उभी राहिली ती तुमची हौस. नातेवाइकांनी वाट न पाहता रिक्षा केली, तर ‘घटनास्थळी रुग्ण आढळून आला नाही’, म्हणजे फेरी झालीच नाही. रुग्णालयाच्या दारात पोचलात, आत खाट नाही, तुमच्याच स्ट्रेचरवर रुग्ण, तुमच्याच सिलिंडरवर त्याचा श्वास, आणि आतून निरोप येतो, ‘थांबा जरा’. त्या ‘जरा’त दुसरा कॉल जातो, मग उशिराचा दंड लागतो. दंड कापायचा कॉलम बिलात आहे, थांबण्याचा कॉलम नाही. अग्निशमन दलाला आगीमागे पैसे देतात का हो? पावसाळ्यात आगी कमी लागल्या म्हणून जवानांचा पगार कापला, असं कधी ऐकलंय?

तर ते पत्र. बिलाला रुग्णालयात दाखल केल्याची पावती जोडावी लागते. एका फेरीत म्हातारे गृहस्थ वाटेतच गेले. आमचा पोरगा रुग्णालय येईपर्यंत छाती दाबत होता, हात थांबवला नाही त्याने. दारात डॉक्टरांनी तपासून ‘मृतावस्थेत आणले’ असं लिहिलं. आता मेलेल्या माणसाला दाखल कोण करून घेणार? पावती नाही, म्हणून बिल परत. खाली शेरा: ‘रुग्ण वाटेत मयत झाल्याने उर्वरित अंतरास शववाहिकेचा दर लागू होतो किंवा कसे, याबाबत खुलासा करावा.’

करा खुलासा! जीव नेमका कितव्या किलोमीटरला गेला ते लॉगबुकात लिहायला हवं होतं, नाही का? पुढच्या वेळी नातेवाइकांची सहीही घेऊ. हे वाक्य कुणीतरी टाईप केलं, कुणीतरी तपासलं, कुणीतरी त्यावर सही ठोकली, आणि तिघांपैकी एकाचाही हात अडखळला नाही.

बरं, एवढं करून परवडत नसेल तर गाड्या काढून घ्या. साहेबांचं काही अडणार नाही. एल-वनवाला, म्हणजे निविदेत सगळ्यात कमी दर भरणारा, तयारच आहे. त्याचा दर तुमच्या डिझेलच्या खर्चाइतका असतो. तो जुन्या व्हॅनच्या सीटा काढतो, आत स्ट्रेचर सरकवतो, भाच्याला पांढरा शर्ट घालून अटेंडंट करतो. रुग्णवाहिकेची बांधणी कशी असावी यासाठी एआयएस-१२५ नावाचं मानक आहे, त्यात साध्या रुग्णवाहतुकीच्या गाडीपासून व्हेंटिलेटरवाल्या गाडीपर्यंत वेगवेगळे प्रकार आहेत, हे त्याला माहीत नसतं आणि त्याला कुणी विचारतही नाही. कमी दर भरला ना, झालं.

आणि थकलेल्या बिलांचं म्हणाल तर २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात ४५ दिवसांत पैसे द्यायचं बंधन आहे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. मागून बघा. पुढच्या निविदेत तुमची कागदपत्रं अपुरी निघतील. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्या मोटारवाल्याला कायद्यात दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. फाईल अडवून धरणाऱ्याला काय आहे? मार्चअखेर.

पुरे झाली थट्टा. साहेब, आम्ही भीक मागत नाही. गाडी उभी ठेवायची तर उभ्या गाडीचे दरमहा ठरावीक पैसे द्या, वर फेरीचे वेगळे. रुग्णालयाच्या दारात थांबवता, तर थांबण्याचे पैसे द्या. बिल वेळेत काढा. त्यानंतर खुशाल रात्री दोन वाजता येऊन तपासा. सिलिंडर रिकामा दिसला, अटेंडंट जागेवर नसला, तर दंड लावा, अनामत जप्त करा, आमचं नाव काळ्या यादीत टाका, एक शब्द बोलणार नाही. पण गाडीत व्हेंटिलेटर का नाही म्हणून सभागृहात ओरडायचं आणि तो चालवणाऱ्याचा पगार दरात धरायचा नाही, हा निर्लज्जपणा आहे. आणि ज्या पोराने त्या म्हाताऱ्याची छाती दाबली, त्याचा या महिन्याचा पगार तुमच्या टेबलावर पडलाय, त्या पत्राखाली.