पाचवं डोकं

"पाच डोकी झाली की सिनेमा लावतो," तिकीट खिडकीमागचा पोरगा म्हणाला. शुक्रवार, सकाळचे सव्वादहा, शो साडेदहाचा. ज्या स्वतंत्र मराठी सिनेमाकडे मी दीड वर्ष डोळे लावून बसलोय, त्याची चार तिकिटं गेली होती. माझं धरून.

दीड वर्षाचं मला काही वाटत नाही. 'किल्ला' या मराठी सिनेमाला फेब्रुवारी २०१४ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात मुलांच्या ज्युरीनं क्रिस्टल बेअर हे पारितोषिक दिलं, आणि महाराष्ट्रात तो लागला २६ जून २०१५ला. कोकणातल्या पोराची गोष्ट बर्लिनच्या पोरांनी आपल्याआधी सोळा महिने बघून घेतली. तिकडे अमेरिकेत दिग्दर्शक रिचर्ड लिंकलेटरनं एका पोराच्या मोठं होण्यावरचा 'बॉयहूड' २००२ ते २०१३ असा रमतगमत शूट केला. शूटिंगला बारा वर्षं लागली की तपश्चर्या, वितरक मिळायला दोन लागली की लोक विचारतात, "डब्यात गेला का हो?"

त्यात वयात येणाऱ्या पोराचा सिनेमा म्हणजे घड्याळाशी कुस्ती. हिरो तेरा वर्षांचा. अर्धं शूटिंग होतं, पैसे संपतात, डबिंग पुढच्या दिवाळीनंतर. तोवर हिरोचा आवाज फुटलेला असतो. म्हणून जाणकार सिंक साउंड धरतात, म्हणजे आवाज शूटिंगच्या वेळीच रेकॉर्ड करतात, आणि एका दृश्याचे सगळे शॉट एकाच शेड्यूलमध्ये उरकतात. नाहीतर दारातून आत आलेला हिरो माठापाशी पोचेपर्यंत चार बोटं उंच होतो आणि पाणी पिऊन बोलतो ते थेट मामाच्या आवाजात.

असो. पाचवं डोकं. ते जिन्यावरून वर आलं ते भाजीच्या पिशवीसकट. पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती.

"काका, सिनेमा बघता का?" मी विचारलं. लाज कधीच सोडली होती.

"मारामारी आहे?"

"नाही."

"मग कोण आहे त्यात?"

"एक मुलगा आहे."

"कुणाचा?"

कुणाचाच नाही, हेच तर त्या सिनेमाचं वैशिष्ट्य. पण ते खिडकीसमोर उभं राहून कसं समजावणार? मी म्हटलं, "नवीन आहे. गावाकडचा."

"त्याचं काय होतं?"

"मोठा होतो."

काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ते सगळ्यांचंच होतं. एसी आहे?"

"आहे."

"मध्यंतरापर्यंत बसेन. साडेबाराला नातवाला शाळेतून आणायचंय."

तिकीट अर्थात मीच काढलं. रोख दीडशे. काका पिशवी सावरत दाराकडे निघाले, तर सिक्युरिटीवाला आडवा. "बाहेरचं फूड अलाउड नाही."

"अहो, मेथी आहे. कच्ची!"

"फूडच ना?"

"मग मी आत बसून करू काय?" काका खरोखरच बुचकळ्यात पडले. एवढा वेळ अंधारात नुसतं बसायचं, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता. ते जुडी निवडायच्या बेतानं आले होते. शेवटी मेथी टोकन लावून क्लोक रूममध्ये गेली.

दहा चाळीस. पडदा काळा. दहा पन्नास. मग तो खिडकीवालाच आत येऊन म्हणाला, "की चालत नाहीये."

आता हे जरा समजून घ्या, कारण इथंच खरा संताप आहे. सिनेमा थिएटरच्या सर्व्हरवर डीसीपी नावाचं डिजिटल गाठोडं म्हणून येतो, शे-दीडशे जीबीचा, कुलूपबंद. ते उघडायला केडीएम नावाची किल्ली लागते. ती त्याच सर्व्हरपुरती आणि ठरलेल्या तारीख-वेळेपुरतीच चालते. चोरीच्या धास्तीनं घाबरट वितरक ती वेळ मोजून-मापून घेतो. बुधवारी या सिनेमाला बाराचा शो दिला होता, म्हणून किल्ली बारापासूनची. गुरुवारी रात्री एका मोठ्या हिंदी सिनेमाला बाराची वेळ हवी झाली, आपला सरकला साडेदहाला, आणि ते कुणी वितरकाला कळवलंच नाही. सर्व्हरला काय, तो बारा वाजल्याशिवाय उघडत नाही. प्रोजेक्टर धडधाकट, सिनेमा आत, प्रेक्षक पाच, तरी काळोख.

आणि बाराची वेळ तरी आम्हाला कशी मिळाली होती? २०१५च्या एप्रिलात सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा संध्याकाळी सहा ते नऊ दाखवायची सक्ती केली. ओरड झाली, तेव्हा प्राइम टाइम ताणून दुपारी बारा ते रात्री नऊ केला. म्हणजे लोक कचेरीत डबा उघडायच्या बेतात असतात तेव्हाही मराठीचा प्राइम टाइम! तेवढाही पचला नाही कुणाला. वर सोमवारी हेच मल्टिप्लेक्सवाले म्हणणार, मराठी माणूस सिनेमाला येत नाही. यायचं कधी, दूध घालून परतताना?

शो रद्द. माझे अ‍ॅपवरचे पैसे पाच ते सात दिवसांत येतील. सुविधा शुल्क परत मिळत नाही. कसली सुविधा ते विचारलं नाही. काकांचं तिकीट मात्र रोखीचं होतं, आणि खिडकीचा नियम असा की तिकीट ज्याच्या हातात, पैसे त्याला.

दीडशे मोजून घेत, मेथी सोडवून काका जिना उतरले. चार पायऱ्यांवर थांबून वर बघत म्हणाले, "एसी छान होता हो."